खाऱ्या हवेतले धनुष्य : मध्ययुगीन कोकणातील तिरंदाजीची साधने आणि त्यांची द्रव्ये

मध्ययुगीन तिरंदाजीचा विचार बहुधा पल्ल्याच्या आणि बळाच्या अंगाने केला जातो, म्हणजे बाण किती दूर जात असे, कवच भेदत असे की नाही आणि धनुष्य ओढण्यास किती जोर लागत असे, या प्रश्नांभोवतीच चर्चा फिरत राहते. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्याचा विचार करताना मात्र आधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, घाटमाथ्यावर आंबोलीत तो सात हजारांच्या आसपास जातो आणि उरलेल्या आठ महिन्यांतही समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा लाकूड, चामडे आणि लोखंड यांना सुखाने राहू देत नाही, तिथे धनुष्य कशाचे करावे आणि ते टिकवावे कसे? साधनाचा आकार, त्याची जात आणि शेवटी त्याचा युद्धातील उपयोगही या एका प्रश्नाच्या उत्तरातून बऱ्याच अंशी ठरत गेला, अशी मांडणी येथे करावयाची आहे.

प्रथम पुराव्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि समुद्रतळाच्या गाळात प्राणवायूवाचून निजून राहिल्यामुळे त्यातून १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण अभ्यासकांच्या हाती आले. इंग्रजी धनुष्याविषयीचे आजचे ज्ञान फार मोठ्या प्रमाणात त्या एका अपघाताच्या पुण्याईवर उभे आहे. कोकणाच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. जांभ्याची आम्लधर्मी माती, वाळवी आणि भुंगा हे बांबूला व लाकडाला शतके तर सोडाच, काही वर्षेही सुखाने काढू देत नाहीत, आणि बाणांचे लोखंडी फाळ, म्हणजे टोके, क्षाराने खाऊन टाकली जातात. म्हणून येथील तिरंदाजीचा शोध वस्तूंमधून न घेता दगडातील चित्रे, संस्कृत ग्रंथ, प्रवाशांच्या नोंदी, भाषेत उरलेले शब्द आणि विशेषतः आजही रानात उभ्या असलेल्या वनस्पती यांच्यामधून घ्यावा लागतो. या शेवटच्या साक्षीदाराकडे अभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे आणि तोच सर्वांत विश्वासू आहे.

दगडातील पुराव्यात बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ अग्रगण्य आहेत. वीरगळ म्हणजे युद्धात पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला, खालून वर वाचत जाण्याचा कोरीव दगड. एकसरच्या दगडांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजे कोरलेली आहेत, योद्ध्यांमध्ये धनुर्धरही आहेत, आणि अनेक अभ्यासक या शिल्पांचा संबंध १३ व्या शतकात यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या संघर्षाशी जोडतात. शिल्पातून धनुष्याचे लाकूड ओळखता येत नाही हे खरे. पण कोकणच्या युद्धात धनुर्धराला मानाचे स्थान होते, एवढे त्यातून निःसंशय कळते. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि सरदारांच्या पदरचे पाईक कमरेला वस्त्र गुंडाळलेले, उघडे व अनवाणी असून कोणाच्या हाती ढाल-तलवार, कोणाच्या हाती भाला, तर कोणाच्या हाती धनुष्यबाण असतो, अशी नोंद त्याने करून ठेवली. हा धनुर्धर घोड्यावर बसलेला नाही आणि चिलखत घातलेला नाही. तो पायी चालणारा, रानवाटा तुडवणारा शिपाई आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे त्याच्या हातातील धनुष्याची जात ओळखणे सोपे जाते.

धनुष्याच्या रचनेचे दोन मूलभूत प्रकार आहेत. दोरी ओढली की धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडे असलेली बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे धनुर्धराकडे असलेली बाजू, दाबली जाते. ताण आणि दाब या दोन्ही गोष्टी एकाच द्रव्याने सोसल्या तर ते एकसंध धनुष्य, आणि दोहोंसाठी वेगवेगळी द्रव्ये चिकटवून घेतली तर ते संयुक्त धनुष्य. संयुक्त धनुष्यात मधला लाकडी गाभा केवळ आधारापुरता असतो. पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसात भिजवून थरावर थर बसवलेले असतात, कारण स्नायू ताण उत्तम सोसतो, आणि पोटाला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या लावलेल्या असतात, कारण शिंग दाबाला दाद देत नाही. संस्कृत ग्रंथांतील ‘शार्ङ्ग’, म्हणजे शिंगाचे धनुष्य, याच घराण्यातले. असे धनुष्य आखूड असूनही फार जोरकस असते आणि म्हणूनच घोडेस्वाराला ते सोयीचे पडते. दख्खनच्या सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या घोडदळाची भिस्त अशा कमानींवर होती.

परंतु या धनुष्याचा प्राण सरसात आहे, आणि सरस म्हणजे कातडी, स्नायू किंवा माशाची वायुपिशवी उकळून काढलेला, पाणी पाहताच मऊ होणारा पदार्थ. दमट हवेत तो ओल ओढून घेतो, थर सैल पडतात, स्नायूंचा ताण ढिला होतो आणि ज्या कमानीला तयार होण्यास कित्येक महिने लागले तिचे बळ एका पावसाळ्यात उतरते. कारागीर तिच्यावर भूर्जपत्र किंवा पातळ चामडे गुंडाळत आणि वरून रोगण चढवत ते केवळ शोभेसाठी नव्हे, तर हवेतील ओल आत शिरू नये म्हणून. देशावरच्या कोरड्या हवेत ही काळजी पुरेशी ठरते. सह्याद्री उतरल्यावर ती पुरेशी ठरत नाही. १५ व्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार याची फौज खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, दिशेने जाताना दाट रानात कापली गेली, आणि पुढे बहमनी वजीर महमूद गवानाला याच मुलखात मोहीम काढताना पावसाळा लागताच कोल्हापुराकडे मागे सरून गवताने शाकारलेल्या छपराखाली दिवस काढावे लागले, तेव्हाच कुठे १४७२ मध्ये गोवा त्याच्या हाती आले. या घटनांची कारणे वाटा, रसद, फितुरी आणि अरण्य यांत शोधली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु परदेशी स्वारांच्या ज्या कमानीची ख्याती होती ती या हवेत अर्धे वर्ष निकामी ठरावी, ही गोष्ट त्या कारणांच्या शेजारी मांडावयास हवी. पोलादी धनुष्य हा त्यावरचा एक हिंदुस्थानी उपाय होता. अग्निपुराणाच्या धनुर्वेद-प्रकरणात धनुष्याची द्रव्ये तीन सांगितली आहेत, लोह, शिंग आणि लाकूड. आणि १७ व्या-१८ व्या शतकांतील पोलादी कमानी शस्त्रागारात वर्षानुवर्षे टांगून ठेवता येत, कारण त्यांत सरसाचा अंशही नसे. पण त्या बाणाला शिंगाच्या कमानीइतका वेग देत नाहीत, आणि समुद्राकाठी तर त्यांना गंजाचे भय आहेच.

उरते ते वनस्पतीचे एकसंध धनुष्य, आणि त्याची परंपरा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगताना धनुष्याची चार द्रव्ये येतात : ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग, म्हणजे अनुक्रमे ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. चारांपैकी तीन वनस्पतिजन्य आहेत हे महत्त्वाचे. वेताच्या धनुष्यांनी सज्ज झालेले हिंदी सैनिक इराणी सम्राटाच्या सेनेत असल्याचे हिरोडोटस सांगतो, आणि धनुर्धराच्या उंचीएवढे धनुष्य जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढण्याची रीत एरियन नोंदवतो. एकसंध धनुष्य लांब असावेच लागते, कारण बाक जास्त लांबीवर पसरला नाही तर ते मोडते. अग्निपुराणात उत्तम धनुष्य चार हातांचे, मध्यम साडेतीन हातांचे आणि कनिष्ठ तीन हातांचे सांगितले आहे, त्यामागेही हा अनुभव असला पाहिजे. अशा लांब धनुष्याला घोड्यावर जागा नाही, पण तटावर, होडीच्या नाळेवर आणि झाडीत पायी चालणाऱ्याच्या हाती ते शोभून दिसते.

सिंधुदुर्गाचे रान या कामी विलक्षण संपन्न आहे. बांबूच्या पेरात तंतूंची दाटी बाहेरच्या सालीजवळ सर्वाधिक असते आणि आत येताना ती विरळ होत जाते. म्हणजे ताण सोसणारी पाठ निसर्गाने आधीच तयार करून दिलेली असते आणि कारागिराने साल न दुखवता पोटाकडून तासत जावयाचे असते. कुडाळ-सावंतवाडी भागात बांधाबांधावर लावला जाणारा माणगा हा बांबू तर जवळजवळ भरीव, काटे नसलेला आणि सरळ वाढणारा आहे. पोकळ कळकाची कामटी पातळ निघते, माणग्याची मात्र जाड निघते आणि दाबाची बाजूही सोसते. बांबू तोडण्याचे शास्त्रही शेतकऱ्याला पाठ आहे : काठी तीन वर्षांची झालेली असावी, तोड पावसाळ्यानंतर करावी, आणि ती काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावी म्हणजे आतील पिष्ट निघून जाते व भुंग्याला खाण्यासारखे काही उरत नाही. नंतर चुलीवरच्या माळ्यावर ती धुरात सुकली की तिच्यात कीड शिरत नाही आणि ओलही सहजी भरत नाही. घराच्या वाशासाठी पाळली जाणारी ही शिस्त धनुष्यासाठी जशीच्या तशी उपयोगी पडते. मराठीत धनुष्याला ‘कामठा’ आणि बांबूच्या चिपेला ‘कामटी’ म्हणतात. हे दोन शब्द इतके शेजारी असावेत हे या दृष्टीने बोलके आहे.

लाकडांत पहिला मान धामणीचा. कोकणच्या पानझडी रानात सहज आढळणाऱ्या या झाडाला संस्कृतात ‘धन्वन’ आणि ‘धनुर्वृक्ष’ अशी नावे आहेत, म्हणजे झाडाची ओळखच धनुष्यावरून झालेली आहे. तिचे लाकूड सरळ रेषांचे, चिवट आणि वाकून पुन्हा जागेवर येणारे असते. म्हणूनच ओझ्याची कावड, गाडीचा दांडा आणि कुऱ्हाडीचा तुंबा यांसाठी ती आजवर पसंत केली जाते. युरोपात जे स्थान यू वृक्षाला मिळाले ते या भूमीत धामणीला द्यावयास हवे होते, पण यू वृक्षावर ग्रंथ झाले आणि धामण मात्र कुऱ्हाडीच्या दांड्यापुरती उरली. ताड या किनाऱ्यावर विरळ. परंतु भेरला माड आणि पोफळ यांच्या खोडाचाही बाहेरचा थर ताडासारखाच दाट तंतूंचा व कठीण असतो, आणि कौटिल्याने ताडाला पहिले स्थान का दिले ते या खोडांना कोयता लावल्यावर उमगते.

धनुष्याहून नाजूक गोष्ट म्हणजे दोरी. धनुष्य ओले झाले तर मंद होते. दोरी ओली होऊन ताणली गेली तर बाण निघतच नाही. अर्थशास्त्रात ज्येची, म्हणजे धनुष्याच्या दोरीची, द्रव्ये मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू अशी दिली आहेत. दोरीला ‘मौर्वी’ हे नाव मूर्वेवरून पडले आणि क्षत्रियाच्या उपनयनातील मेखलाही मूर्वेचीच सांगितली गेली. अर्क म्हणजे रुई, जी पुळणीच्या कडेला कोणी न लावता उगवते आणि जिच्या सालीतून रेशमासारखा चमकदार, पाण्यात लवकर न कुजणारा धागा निघतो. शण म्हणजे ताग. वेणु म्हणजे बांबू, आणि भिल्लांच्या तिरकामठ्याला आजही बांबूच्या चिपेचीच दोरी असते, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीचा जिवंत पडताळा आहे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. माडांच्या या मुलखात दोरी म्हटली की काथ्या आठवतो, आणि काथ्या खाऱ्या पाण्यात उत्तम टिकतो. पण तो तुटण्यापूर्वी फार लांबतो, आणि लांबणारी दोरी धनुष्याचे बळ बाणाला देण्याऐवजी स्वतःच गिळते. जहाज नांगरण्यास जो गुण, तोच बाण सोडण्यास दोष.

या दोरीच्या विद्येचे खरे वारसदार कोण, याचे उत्तर मच्छीमार वस्तीत सापडते. नायलॉन येण्यापूर्वी गाबीत मच्छीमारांची जाळी ताग आणि कापूस यांच्या सुताची असत. ते सूत पिळणे, सारख्या जाडीचे ठेवणे आणि झाडांच्या तुरट सालीच्या काढ्यात बुडवून कुजण्यापासून वाचवणे हे घराघरांतले काम होते. रापणीचे जाळे ज्या सुतावर ओढले जात असे त्याच जातीच्या सुताला आणखी पीळ देऊन, मेण चोळून आणि मध्यभागी जिथे बाणाची खाच बसते तिथे दुहेरी गुंडाळी करून धनुष्याची दोरी होते. मध्ययुगीन बंदरात या दोन कामांचे हात वेगळे असण्याचे कारण दिसत नाही.

बाणाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे : दांडी सरळ, हलकी आणि सारख्या वजनाची हवी. बारीक बांबू आणि बोरूसारखी गवते यांना ही देणगी उपजत असते, शिवाय त्यांच्या पोकळीत फाळाची शेपटी खोचून राळ व लाखेने घट्ट बसवता येते आणि वरून दोरा आवळता येतो. धनुर्वेदाच्या परंपरेत, आणि १३६३ मध्ये सिद्ध झालेल्या शार्ङ्गधर-पद्धतीच्या धनुर्वेद-प्रकरणातही, पिसांचा विचार बारकाईने आहे. हंस, क्रौंच, मोर, गिधाड आणि मासे खाणारे शिकारी पक्षी यांची पिसे चांगली मानली जात. साध्या बाणाला ती सहा अंगुळे लांब आणि शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळे लांब असावीत, असा भेद सांगितला आहे, कारण जोरकस धनुष्याच्या बाणाला सरळ राखण्यासाठी मोठ्या पिसाची गरज असते. मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांना पाण्याचे वावडे नसते, आणि समुद्रगरुडाच्या या किनाऱ्यावर ती निवड विशेष समजण्यासारखी आहे.

फाळांची नावेच त्यांचे काम सांगतात : आरीसारखे आरामुख, सुईसारखे सूचीमुख, वस्तऱ्यासारखे क्षुरप्र, अर्धचंद्र, भल्ल, वासराच्या दातासारखे वत्सदंत. सूचीमुख कवचाच्या कड्यांतून शिरण्यासाठी, तर रुंद धारेचे फाळ उघड्या अंगावर खोल जखम करण्यासाठी. आणि ज्या युद्धात दोन्ही बाजूंचे पाईक निकितिनाने पाहिले तसे उघडे होते तिथे दुसऱ्या प्रकाराची गरज अधिक. फाळाला पाणी देण्याची जी कृती धनुर्वेदात आहे ती केवळ मंत्रतंत्र समजून सोडून देण्यासारखी नाही. पिंपळी, सैंधव आणि कुष्ठ गोमूत्रात वाटून फाळाला लेप द्यावा, मग तो मोराच्या मानेच्या रंगाचा होईपर्यंत तापवावा, असे तिथे सांगितले आहे. लोहाराला हा रंग ओळखीचा आहे : कडक केलेले पोलाद पुन्हा हळूहळू तापवले की पृष्ठभागावर आधी पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी आणि तीनशे अंशांच्या जवळ निळी छटा येते, आणि त्या निळ्या छटेला पोलादाचा ठिसूळपणा जाऊन चिवटपणा आलेला असतो. उष्णतामापक नसलेल्या काळात मोराची मान हेच माप होते. लोखंडाला या मुलखात तोटा नव्हता. जांभा मुळातच लोहयुक्त, सह्याद्रीच्या माथ्यावर लोखंड गाळणारे धावड, आणि वेंगुर्ल्याजवळ रेडीला विसाव्या शतकात ज्याच्या खाणी चालल्या ते खनिज जमिनीत होतेच. शिवाय खारेपाटणला सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या १००८ च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजावर सोन्याच्या गद्याण नाण्याचा कर सांगितला आहे, तेव्हा बाहेरचा माल या खाड्यांत येत होता हेही उघड आहे.

धनुर्धराच्या अंगावरील साधनांबद्दल थोडक्यात सांगता येईल. बाण पाठीवरच्या किंवा कमरेच्या भात्यात. शिंगाच्या कमानीची दोरी अंगठ्याने ओढली जाई, म्हणून अंगठ्यात शिंगाचे किंवा दगडाचे कडे. आणि डाव्या मनगटावर दोरीचा फटका बसू नये म्हणून चामड्याचा पट्टा, ज्याचे संस्कृत नाव ‘गोधा’, म्हणजेच घोरपड, हे त्या पट्ट्याचे चामडे कोणाचे ते सांगून जाते.

बंदुकीच्या युगात ही सगळी सामग्री मागे पडत गेली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर पायाभरणी होऊन १६६७ मध्ये सिद्ध झालेला सिंधुदुर्ग तोफ-बंदुकीच्या युगातला किल्ला आहे आणि त्याच्या तटातील जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली तिरकस छिद्रे, बंदुकीच्या हिशेबाची आहेत. दक्षिण कोकणचे हेटकरी नावाजले गेले ते नेमबाज बंदूकदार म्हणूनच. येथे मराठी कागद वाचणाऱ्याने एका शब्दापाशी थांबावे : शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत ‘बाण’ हा शब्द पुष्कळदा दारूच्या अग्निबाणासाठी येतो, आणि एखाद्या किल्ल्याच्या यादीत बाणांची मोठी संख्या दिसली म्हणून तिथे तिरंदाज होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारू, बाण आणि होके, म्हणजे दारू भरलेले हातगोळे, यांना सर्दी लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी ते बाहेर काढून उन्हात द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा हुकूम आहे. शस्त्र बदलले, शत्रू तोच राहिला : ओल. तोड्याच्या बंदुकीलाही पावसाचे भय होतेच, आणि सीमोल्लंघन दसऱ्याला होई त्यामागे भातशेती आणि वाटा यांच्याबरोबर हेही एक कारण धरावयास हवे.

साधन गेले तरी त्याची छाया रेंगाळत राहिली. खड्यांचा मारा करणाऱ्या धनुष्याचे ‘गुलेल’ हे नाव ‘गलोल’ होऊन पोरांच्या हातातल्या रबरी खेळण्याला चिकटले. परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला ही कथा किनाऱ्यावर अजून सांगितली जाते आणि तो बाण जिथे पडला ते गाव म्हणून गोव्यातील बाणावली दाखवली जाते. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकरांच्या चित्रकथीत रामायण-महाभारताच्या युद्धप्रसंगांमुळे धनुष्यबाण पानोपानी आहे. मात्र चित्रातील, तसेच दशावतारी रंगभूमीवरील धनुष्य हे देवाचे धनुष्य असते. चौलच्या उघड्या, अनवाणी पाइकाचे नव्हे, आणि अभ्यास त्या पाइकाच्या धनुष्याचा राहून गेला आहे. तो करण्याची सामग्री अजून हाताशी आहे. माणग्याचे, धामणीचे आणि भेरल्या माडाचे असे तीन कामठे चार हातांच्या मापाने तासावेत, रुई आणि ताग यांच्या दोऱ्या जुन्या रीतीने पिळाव्यात, शेजारी शिंग-स्नायूंची एक कमान टांगावी, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत मालवणच्या हवेत ठेवून दर पंधरवड्याला प्रत्येकाची ओढ आणि बाणाचा वेग मोजावा. माणगा कुडाळला आहे, धामण रानात आहे, आणि सूत पिळण्याची आठवण असलेले हात किनाऱ्यावर अजून थोडे का होईना, आहेत.